गडद निळ्या रंगाच्या नावाखाली ३२,५०० रुपये गेले

कोल्हापुरात कोणी घर रंगवायला काढलं असेल, त्यातही गडद निळा ठरवला असेल, तर मालासकट ठेका देण्याआधी हे वाचा.

हॉल आणि दोन बेडरूम, १,४०० चौरस फूट भिंत. मालासकट २६ रुपये फुटाने ३६,४०० ठरले. ठेकेदार ओळखीच्या घरी काम केलेला, रस्त्यावरून धरून आणलेला नव्हता. २०,००० यूपीआयने अ‍ॅडव्हान्स दिले. मग "वहिनी, गडद शेडचा बेस महाग पडतोय" म्हणून आणखी ४,५००. बेस म्हणजे ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग. गडद रंगाला हात जास्त मारावे लागतात हे खरंच आहे, म्हणून दिले. नंतर पोरांच्या मजुरीसाठी ८,००० रोख. रोख देऊ नका, काही लेखी राहत नाही.

डबे आले ते सील फुटलेले. मशीनवर शेड बनवला की डब्यावर शेडचा कोड आणि बेस छापलेलं स्टिकर लागतं. इथे त्या जागी खरवडलेला चिकट डाग. विचारलं तर "दुकानात उघडून बघितलाय की". त्याच दुपारी त्याच्या पोराने बादलीत निळ्या स्टेनरच्या, म्हणजे रंगात मिसळायच्या घट्ट रंगाच्या बाटल्या ओतल्या आणि काठीने ढवळायला लागला. खाली पांढराफटक माल, खडू कालवल्यासारखा. गडद शेडचा बेस दुधाळ दिसला तरी असा खडूसारखा पांढरा नसतो. त्यात पांढरं रंगद्रव्य जवळपास नसतं, म्हणून तर रंग गडद उठतो. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच हॉलमध्ये हे चाललं होतं! "शेड जरा फिका आलाय, मारून घेतो" असं त्याने छातीठोक सांगितलं. घरात मुलांचं जेवण, फर्निचर झाकायची धावपळ. अशा वेळी कोण बादलीत डोकावून जाब विचारतं?

पावसाळा लागला आणि भिंतीला हात लावला की बोटं निळी. उशांचे अभ्रे गेले, मुलाच्या शाळेच्या शर्टाची पाठ निळी झाली. इमल्शनचे, म्हणजे पुसता येणाऱ्या टिकाऊ रंगाचे पैसे घेऊन हलकं डिस्टेंपर, म्हणजे हाताला लागणारा स्वस्त रंग फासला होता. रंग सुकल्यावर ओल्या फडक्याने कोपरा पुसून बघा, आणि तोवर शेवटचा हप्ता दाबून ठेवा. माझे ८,४०० तेवढे वाचले.

पोलीस ठाण्यात काय ऐकलं? "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." अर्जाची पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. अहो, स्टिकर खरवडून दुसराच माल विकणं ही फसवणूक नाही तर काय? ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, तर कंपनी कुठली, बिल कुठे. बिल असतं तर रडले कशाला असते! दुकानदार म्हणतो डबा आमचा नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि सामान्य माणसाने घरकाम सोडून खेटे घालायचे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत २ वर्षांची, ही माहितीसुद्धा त्यांच्यापैकी एकानेही दिली नाही. शेजारच्या वकीलकाकांनी सांगितली.

रंग स्वतः लक्ष्मीपुरीत जाऊन घ्या, शेड समोर मिसळून घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. पेंटरला फक्त मजुरी द्या. रिकामे डबे त्याला नेऊ देऊ नका. त्यातच पुढच्या घरचा माल भरला जातो.

आयोगाकडे तक्रार टाकली आहे. ठेकेदार मात्र कळंब्याकडे नवीन काम करतोय, फोनही उचलतो, फक्त माझा नाही.