छोट्या वाफेच्या इंजिनावर दिवे: आठ महिन्यांत तीन डायनामो

टेबलावर मावणारं, एका सिलिंडरचं वाफेचं इंजिन. त्यावर तीन एलईडी लावायचे, एवढीच हौस होती. परमनंट मॅग्नेटची कुठलीही डीसी मोटर फिरवली की तिचा डायनामो होतो, हे खरंच. पण म्हणून हाताला लागेल ती मोटर चालत नाही.

आधी खेळण्यातल्या गाडीची मोटर लावली. 3 व्होल्टवर मिनिटाला 9000 फेरे घेणारी. म्हणजे तिच्याकडून 3 व्होल्ट हवे असतील तर निदान तेवढंच पळवायला हवं! माझं इंजिन पट्टा चढवल्यावर जेमतेम 500 फेरे घेतं. पाचपट मोठ्या पुलीवरून 2500 झाले आणि मीटरवर दिसले 0.8 व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 लागतात.

मग जुन्या प्रिंटरची स्टेपर मोटर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी. बोटांनी गरकन फिरवली तरी एलईडी लख्ख पेटतो, म्हणून फार आनंद झाला. पण शाफ्ट हळू फिरवताना चुंबकाचे जे झटके बोटांना लागतात, तेच इंजिनालाही सोसावे लागतात. वाफ थोडी मंदावली की इंजिनाचं जड चाक, फ्लायव्हील, अडायचं. शिवाय एसी (उलटसुलट वाहणारा) प्रवाह मिळतो, म्हणून तो डीसी करणारा रेक्टिफायर आलाच. दमदार इंजिन असेल तर ती जरूर घ्या. लहान इंजिनाला नको.

आता सहा महिने 12 व्होल्ट, 4000 फेऱ्यांची कोअरलेस मोटर आहे. रोटरमध्ये लोखंड नाही, त्यामुळे झटके नाहीत. फुंकर मारावी तशी हलकी फिरते. 2500 फेऱ्यांना साडेसात व्होल्टच्या आसपास येतात. प्रत्येक एलईडीला वेगळा 470 ओहमचा रेझिस्टर दिलाय. बॉयलर तापला की वेग वाढतो, व्होल्टही वाढतात, तेव्हा रेझिस्टरचा हिशेब सर्वांत जास्त वेगावर करा. एकदा 6 व्होल्ट, 0.1 अँपिअरचा बल्ब जोडून पाहिला. दिवा तांबूस झाला आणि इंजिनाची फटफट लगेच जड झाली. काढला तेव्हा कुठे ते मोकळं झालं.

खरा त्रास पट्ट्याचा. पट्टा म्हणून लावलेली ओ-रिंग (रबरी कडं) घट्ट ताणली होती, तर तिसऱ्या महिन्यात मोटरचं बुश, म्हणजे शाफ्टला धरणारी कडी, झिजून शाफ्ट हलायला लागला. मोटर बदलावी लागली. सैल ठेवली तर सिलिंडरमधून उडणारं तेलपाणी पुलीवर बसतं, पट्टा घसरतो, दिवे लुकलुकतात. आता पट्टा जरा सैलच ठेवलाय, मध्ये पत्र्याचा छोटा आडोसा लावलाय आणि दर वेळी पेटवण्याआधी पुली कोरड्या फडक्याने पुसतो.