भरल्या गाडीचा आवाज रिकाम्या गाडीत शोधणारी कार्यशाळा

कराड ते चिपळूण या मार्गावर मी स्वतःच्या ट्रकने मालवाहतूक करतो. कराडकडून पशुखाद्य, सिमेंट किंवा साखर घेऊन कोकणात उतरायचे आणि परत येताना जांभ्याचे चिरे भरून कुंभार्ली घाट चढायचा, हा आमचा अनेक वर्षांचा नेम आहे. गेल्या वर्षी जुनी गाडी विकून कर्ज काढून नवी सहाचाकी घेतली. केबिन आणि चेसिस म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा कंपनीचा, मागचा हौदा मात्र आमच्या भागातील बॉडी बांधणाऱ्याकडून करून घेतलेला. ज्या अधिकृत विक्रेत्याकडून गाडी घेतली, त्याच्याच सर्व्हिस विभागाविषयी हे परीक्षण आहे. नव्या गाडीतला अधूनमधून येणारा एक आवाज शोधून काढायला या विभागाला चार भेटी आणि जवळपास दोन महिने लागले. पहिल्या तीन भेटी पूर्णपणे वाया गेल्या आणि चौथ्या भेटीत तोच आवाज एका दिवसात सापडला. असे का झाले, हे नव्या गाडीच्या मालकांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

आवाज सुरू झाला तेव्हा गाडी साधारण २३०० किलोमीटर चालली होती. पोफळी सोडून घाट लागला, की एखाद्या अवघड वळणावर गाडी जवळजवळ थांबते, पहिला गिअर पडतो आणि क्लच सोडताना गाडी भार उचलते. नेमक्या त्या क्षणी पोटाखालून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ‘टण्ण’ असा एकच ठोका यायचा. पाठोपाठ दुसरा ठोका नाही, खडखड नाही, स्टिअरिंगला किंवा पायाखाली कंप नाही. दहा खेपांपैकी पाच-सहा खेपांना तो यायचा आणि तोही भरल्या गाडीलाच. रिकाम्या गाडीला तो एकदाही आला नाही. माझा चुलतभाऊ आळीपाळीने गाडी चालवतो, त्यालाही तो स्वतंत्रपणे ऐकू आला होता, त्यामुळे माझ्या मनाचा खेळ असल्याची शंका उरली नव्हती.

पहिल्या भेटीत हे सगळे मी सर्व्हिस अॅडव्हायजरला सांगितले. तो तरुण मुलगा नम्रपणे बोलला, चहाही दिला. पण संगणकावरच्या जॉब कार्डात, म्हणजे कामाच्या नोंदपत्रात, त्याने ‘गाडीच्या खालून आवाज’ एवढेच लिहिले. भार, घाट, पहिला गिअर, क्लच सोडतानाचा क्षण यांपैकी एकही शब्द त्या कागदावर आला नाही. मला वाटते, पुढच्या दोन महिन्यांचे नुकसान तिथेच ठरले, कारण गाडी ज्या फिटरच्या हाती गेली त्याला मी भेटलोच नाही. त्याला फक्त ते तीन शब्द भेटले. त्याने मागच्या पाट्यांना (भार झेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगांना) आसाशी जखडणारे यू-बोल्ट आवळले, इंजिनचा जोर मागच्या आसाकडे नेणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या, जॉइंटांना ग्रीस भरले आणि महामार्गावर सात-आठ किलोमीटर रिकामी गाडी फिरवून आणली. आवाज आला नाही. गाडी ‘ठीक’ म्हणून परत मिळाली.

त्याने केलेले काम चुकीचे नव्हते, हेही सांगायला हवे. नव्या गाडीचे पाटे सुरुवातीच्या भारवाहतुकीत एकमेकांवर बसतात, त्यामुळे यू-बोल्ट सैल पडू शकतात आणि ते पुन्हा आवळणे गरजेचेच असते. शाफ्टच्या सरकणाऱ्या जॉइंटमध्ये ग्रीस कमी असले तरी गाडी उचलताना असा ठोका येऊ शकतो. अंदाज वाजवी होता. अंदाज खरा ठरला की नाही, हे पाहण्याची पद्धत मात्र निरुपयोगी होती.

तीन दिवसांनी चिरे भरून घाट चढताना आवाज पुन्हा आला. दुसऱ्या भेटीत मी आग्रह धरला, तेव्हा गाडीला लॅपटॉप जोडला गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषणाच्या कडक मानकाच्या गाड्या आल्यावर इंजिन, इंधन आणि धूर यांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण फार वाढले आहे, आणि त्यांतले बिघाड शोधायला लॅपटॉप लागतोच, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ‘एकही फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) नाही, म्हणजे गाडी निर्दोष आहे’ असे जेव्हा मला सांगण्यात आले, तेव्हा वाईट वाटले. एखादा बोल्ट सैल झाला, तर तो कळवणारा सेन्सर त्या बोल्टवर नसतो. वडिलांच्या काळातले मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक बेअरिंगच्या बाहेरच्या कवचाला आणि दुसरे कानाला लावून बेअरिंगचा आवाज ओळखत. ती सवय नव्या कार्यशाळेतून जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

लॅपटॉपने काही दाखवले नाही, तेव्हा दोष हौद्यावर ढकलण्यात आला. ‘चेसिस आमची, बॉडी बाहेरची, आवाज बॉडीचा आहे’ असे सांगून मला बॉडी बांधणाऱ्याकडे पाठवले. तपासणीचा आकार म्हणून १००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरून ११८० रुपयांचे बिलही घेतले, कारण त्यांच्या मते दोष वॉरंटीत बसत नव्हता. बॉडी बांधणाऱ्याने एक पैसाही न घेता हौद्याचे सगळे क्लॅम्प उघडले, चेसिस आणि हौदा यांच्यामधली लाकडी पट्टी तपासली, दोन ठिकाणी रबर घातले आणि क्लॅम्प पुन्हा आवळले. त्या दिवशीची खेप बुडाली. आवाज जसाच्या तसा राहिला.

तिसरी भेट सर्वांत क्लेशदायक होती. या वेळी सांगण्यात आले, की हा आवाज हेल्पर पाट्यांचा असून तो स्वाभाविक आहे. गाडी रिकामी असताना वरचे हेल्पर पाटे टेकलेले नसतात, भार वाढला की ते आपल्या ब्रॅकेटवर बसतात आणि त्या वेळी आवाज होऊ शकतो, हे खरेच आहे. परंतु ते पाटे माल भरताना बसतात आणि चिरे पूर्ण भरल्यावर बसलेलेच राहतात. घाटातल्या वळणावर क्लच सोडण्याच्या क्षणाशी त्यांचा संबंध कसा, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. उलट, गाडीत जादा माल भरला जात असावा, असे सुचवण्यात आले. २०१८ साली दोन आसांच्या मालगाडीची एकूण वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली आणि माझी गाडी त्याच वर्गातली आहे. मी प्रत्येक खेपेची काटापावती, म्हणजे वजनकाट्यावरची पावती, जपून ठेवतो; त्या पावत्या टेबलावर ठेवल्या, तेव्हा हा मुद्दा मागे पडला. जॉब कार्डावर मात्र ‘आवाज आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी परत दिली.

त्या शेऱ्याने मी अस्वस्थ झालो. वॉरंटीची मुदत संपल्यावर तोच आवाज मोठा झाला असता, तर या कागदानुसार मुदतीत दोष नव्हताच, असे म्हणता आले असते. म्हणून मी तिथेच बसून हाताने एक पत्र लिहिले. तारीख, किलोमीटर, भार, जागा, गिअर आणि आवाजाचे वर्णन एवढेच त्यात होते. ते देऊन दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतली आणि गाडी भरल्या अवस्थेत घाटात तपासावी, अशी स्पष्ट मागणी केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहक धरला जात नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी ती वस्तू घेऊन स्वतः वापरणारा ग्राहकच मानला जातो. एकच गाडी असलेल्या आणि ती स्वतः चालवणाऱ्या मालकांनी ही तरतूद माहीत करून घ्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही मी वहीत लिहून ठेवला होता, पण त्याची गरज पडली नाही.

पत्राचा परिणाम असा झाला, की चौथ्या भेटीत गाडी विक्रेत्याच्या दुसऱ्या शाखेतून बोलावलेल्या एका ज्येष्ठ फोरमनकडे गेली. या गृहस्थांविषयी मला आदराने लिहायचे आहे. त्यांनी आधी गाडीला हात लावला नाही. कागद-पेन घेऊन समोर बसले आणि प्रश्न विचारले. आवाज एकदा येतो की दोनदा? थंड गाडीला येतो की तासभर चालल्यावर? डाव्या वळणावर जास्त की उजव्या? रिव्हर्स घेताना कधी ऐकला आहे का? शेवटच्या प्रश्नाचा विचार मी कधी केलाच नव्हता, पण आठवल्यावर लक्षात आले, की चिऱ्याच्या खाणीवर भरलेली गाडी मागे घेऊन लगेच पुढे काढताना तसाच ठोका एक-दोनदा आला होता. तेव्हा त्यांनी सांगितले, की जोराची दिशा बदलताना ठोका येतो, तर इंजिनकडून मागच्या आसाकडे जोर नेणाऱ्या भागांत कुठेतरी मोकळीक असणार. हौदा आणि हेल्पर पाटे त्यामुळे जवळजवळ बाद होतात.

मग गाडी पिटवर (खालून काम करण्याच्या खड्ड्यावर) घेऊन त्यांनी एक साधे काम केले. गिअरबॉक्सचे माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टच्या मधोमध असलेल्या सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट, मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट, पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या शॅकलचे बोल्ट अशा प्रत्येक ठिकाणी बोल्ट आणि त्याखालचे लोखंड यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एकच सलग रेघ ओढली. कुठला भाग जरासा जरी हलला, तरी तिथली रेघ तुटून दिसावी, ही त्यामागची युक्ती. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर रिकाम्या गाडीतून चिपळूणच्या बाजूला आले, चिरे भरेपर्यंत खाणीवर थांबले, आणि भरल्या गाडीतून घाट चढले. कार्यशाळेतला जबाबदार माणूस ग्राहकाच्या गाडीत बसून सबंध दिवस देतो, हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

तिसऱ्या मोठ्या वळणावर आवाज आला आणि त्यांनी तो ऐकला. पुढे रस्ता रुंद होतो तिथे गाडी बाजूला घेऊन, हँडब्रेक ओढून, चाकांना उटी म्हणजे अडसर लावून ते बॅटरी घेऊन खाली गेले. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटच्या डाव्या बोल्टवरची रेघ तुटली होती. बाकी सगळ्या रेघा सलग होत्या. बोल्टाभोवती तांबूस भुकटी जमलेली होती आणि ब्रॅकेट जिथे क्रॉस मेंबरला (चेसिसच्या आडव्या पट्टीला) टेकतो तिथला रंग घासून लोखंड चकचकीत झाले होते. दोन धातू अगदी थोडे, पण पुन्हा पुन्हा घासले गेले की अशीच बारीक भुकटी पडते, असे त्यांनी मला खाली बोलावून दाखवले.

कारण त्यांनी समजावून सांगितले, ते असे. गाडी भरली की पाटे दबतात, मागचा आस चेसिसच्या जवळ येतो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. पहिल्या गिअरमध्ये शाफ्टवर येणारा पिळाचा जोर सर्वांत जास्त असतो. हे दोन्ही एकत्र आले, की सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट एका बाजूने उचलला जाऊ पाहतो. बोल्ट घट्ट असेल तर काहीच होत नाही. इथे तो घट्ट दिसत होता, पण नेमून दिलेल्या जोराने आवळलेला नव्हता, म्हणून ब्रॅकेट केसभर उचलून क्रॉस मेंबरवर आपटत होता. रिकाम्या गाडीत सपाट रस्त्यावर एवढा जोर येतच नाही. म्हणजे पहिल्या तीन वेळा शेकडो किलोमीटर गाडी फिरवली असती, तरी आवाज आला नसता.

पुढचे काम झटपट झाले. ब्रॅकेटचे दोन्ही बोल्ट नवे घातले, टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळले, आणि आपटून आपटून बेअरिंगभोवतीचे रबर एका बाजूला चिरले होते म्हणून सेंटर बेअरिंगही वॉरंटीत बदलून दिले. फोरमननी जॉब कार्डात दोष, कारण आणि दुरुस्ती तिन्ही गोष्टी स्वच्छ लिहिल्या. त्यानंतर मी चिरे भरून घाट चौदा वेळा चढलो आहे. आवाज एकदाही आला नाही. नव्या बोल्टांवरची पांढरी रेघ मी दर आठवड्याला बघतो, ती सलग आहे.

या विभागाला गुण द्यायचे तर कौशल्यासाठी पूर्ण द्यावे लागतील, कारण ते त्यांच्याकडे आहे. पण ते कौशल्य ग्राहकापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था फार कमकुवत आहे, आणि त्यासाठी मी पाचपैकी दोनच देईन. तक्रार ऐकणारा एक, लिहिणारा दुसरा, गाडीखाली जाणारा तिसरा आणि ‘ठीक’ म्हणून सही करणारा चौथा, अशी साखळी असेल तर अधूनमधून येणारा आवाज तिच्यातून निसटणारच. गाडी सोडायला जाल तेव्हा जॉब कार्डावरची तक्रार स्वतः वाचा. आवाज कधी, कुठे, किती भारावर आणि कोणत्या गिअरला येतो हे तिच्यात नसेल, तर ते लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. आवाज भरल्या गाडीला येत असेल, तर भरलेली गाडीच घेऊन जा किंवा फिटरला माल असेल तिथे न्या. माझ्या चार बुडालेल्या खेपांचे मोल कोणी भरून देणार नाही. त्या महिन्यांतला कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच गेला.

दुसऱ्या भेटीत घेतलेले ११८० रुपये परत मिळावेत, असा अर्ज मी बिलाच्या आणि शेवटच्या जॉब कार्डाच्या प्रतींसह दिला आहे. दोष कंपनीच्या जोडणीतला होता हे त्यांच्याच फोरमननी लिहून दिले असल्यामुळे ती तपासणी वॉरंटीतच धरायला हवी, असे माझे म्हणणे आहे. सर्व्हिस मॅनेजरनी अर्ज वर पाठवल्याचे सांगितले आहे. पैसे खात्यावर आले, किंवा नकार आला, तर ते याच परीक्षणात खाली जोडीन.