जात्यावरच्या ओव्या: फुकटात मिळणारा अस्सल ऐवज

‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्या ऐकायला मिळतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, तोच हा संग्रह. पहाटे उठून दळणाऱ्या आईला मी पाहिलंय, म्हणून ठामपणे सांगते, बाईच्या कष्टांची इतकी खरी नोंद क्वचितच सापडेल. सासुरवास, माहेरची ओढ, भावाची वाट, सगळं तिच्याच तोंडून. बाई एकच ओळ घोळवून घोळवून म्हणते, मग पुढची घेते. गावठी शब्द कानातून निसटला तरी ओवी समोर लिहिलेली असते. इंग्रजी भाषांतरही आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या नातीलाही पाठवता येतं. घाईत ऐकू नका. हेडफोन लावा, एका वेळी एकाच गावच्या ओव्या घ्या.