ॲपने नेटवर्क तपासायचं कसं: सिस्टीमला विचारून, चाचणी घेऊन, की थेट रिक्वेस्ट पाठवून?

वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं असतं आणि तरी ॲप ‘इंटरनेट नाही’ म्हणून अडून बसतं. किंवा याच्या उलट: ॲपच्या मते सगळं ठीक असतं, पण पडद्यावरचं चक्र मिनिटभर फिरतच राहतं. मोबाइल ॲप बनवणाऱ्या टीमकडे या दोन्ही तक्रारी येतात आणि त्यांचं मूळ बहुधा एकच निघतं: फोन नेटवर्कला जोडलेला आहे आणि आपला सर्व्हर उत्तर देतोय, या दोन वेगळ्या गोष्टी कोडमध्ये एकच धरलेल्या असतात.

तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत. ऑपरेटिंग सिस्टीमला विचारायचं. एखाद्या पत्त्यावर छोटी चाचणी-रिक्वेस्ट पाठवून बघायचं. किंवा काहीच न विचारता खरी रिक्वेस्ट पाठवायची आणि ती फसली तर नीट सावरायचं. माझं मत आधीच सांगतो: पाया तिसऱ्या मार्गाचा असू द्या, पहिला त्याच्या सोबतीला घ्या आणि दुसरा ठरावीक गरजेपुरताच वापरा.

सिस्टीमला विचारणं

हा मार्ग स्वस्त आहे. बॅटरी फारशी लागत नाही, बदल झाला की लगेच कळतं, आणि ॲंड्रॉइडवर त्यासाठी लागणारी परवानगी वापरकर्त्याला वेगळी विचारावी लागत नाही. जुन्या लेखांत दिसणारं ‘गेट-ॲक्टिव्ह-नेटवर्क-इन्फो’ मात्र विसरा. ॲंड्रॉइड १० पासून ते कालबाह्य ठरवलं आहे. आज वापरायचा तो नेटवर्क-कॉलबॅक, म्हणजे नेटवर्क बदललं की सिस्टीमने ॲपला दिलेली हाक, आणि त्यातही ‘रजिस्टर-डिफॉल्ट-नेटवर्क-कॉलबॅक’, जो एपीआय २४ (म्हणजे ॲंड्रॉइड ७) पासून मिळतो.

डिफॉल्टवर जोर देण्याचं कारण आहे. साधा ‘रजिस्टर-नेटवर्क-कॉलबॅक’ अटीत बसणाऱ्या प्रत्येक नेटवर्कची खबर देतो. वाय-फाय तुटलं की ‘ऑन-लॉस्ट’ येतो, तेव्हा मोबाइल डेटा व्यवस्थित चालू असू शकतो. ‘ऑन-लॉस्ट’ म्हणजे ऑफलाइन असं लिहिलेल्या ॲपमध्ये ‘इंटरनेट नाही’ची पट्टी झळकते आणि वापरकर्ता चक्रावतो. आणखी एक खाच अशी की नोंदणीच्या वेळी नेटवर्क मुळातच नसेल, तर कोणताच कॉलबॅक येत नाही. त्यामुळे एअरप्लेन मोडमध्ये उघडलेलं ॲप स्वतःला ऑनलाइन समजत राहतं. सुरुवातीची स्थिती वेगळी विचारून घ्यावीच लागते.

आयफोनवर हेच काम करणारा, आयओएस १२ पासून असलेला एनडब्ल्यू-पाथ-मॉनिटर या बाबतीत सरळ आहे. सुरू करताच तो आहे ती स्थिती कळवतो, मग ती ‘जोडणी नाही’ अशी असली तरी. पण एकदा रद्द केलेला मॉनिटर पुन्हा सुरू होत नाही, नवा बनवावा लागतो. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनमध्ये, वाय-फाय बंद-चालू केलं तर तो अनेकदा चुकीची माहिती देतो, म्हणून त्याची परीक्षा खऱ्या फोनवरच घ्या.

मुख्य फरक सिस्टीमला किती ठाऊक असतं यात आहे. आयओएसचं ‘सॅटिस्फाइड’ म्हणजे बाहेर जायला वाट आहे, एवढंच. राउटरच्या पलीकडे इंटरनेट बंद असलं तरी ते तसंच राहू शकतं. ॲंड्रॉइड एक पाऊल पुढे जातं: ‘इंटरनेट’ ही क्षमता म्हणजे हे नेटवर्क त्यासाठी उभारलेलं आहे, आणि ‘व्हॅलिडेटेड’ म्हणजे सिस्टीमने स्वतः बाहेर संपर्क करून खात्री केली आहे. ती खात्रीही ठरावीक तपासणी-सर्व्हरपुरती असते, तुमच्या सर्व्हरपुरती नाही. संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कवर, जिथे बाहेरचं इंटरनेट नसतं पण तुमचा सर्व्हर आतच असतो, तिथे ‘व्हॅलिडेटेड’ मिळत नाही आणि तुमची रिक्वेस्ट मात्र सुरळीत जाते. अशा ठिकाणी तपासणीवर अडणारं ॲप उगाच बंद पडतं.

‘वाय-फाय किंवा मोबाइल डेटा नसेल तर ऑफलाइन’ ही अट तर कोडमधून काढूनच टाका. व्हीपीएन किंवा इथरनेट आलं की ती कोसळते.

चाचणी-रिक्वेस्ट

कॅप्टिव्ह पोर्टल, म्हणजे लॉगिनचं पान पुढे करणारं वाय-फाय, ओळखायला ही पद्धत चांगली. फक्त ‘२०० (सर्व्हरचा ‘सगळं ठीक’ हा कोड) आलं म्हणजे इंटरनेट आहे’ असं धरू नका, कारण लॉगिनचं पानही २००च देतं. म्हणूनच ॲंड्रॉइडची तपासणी २०४ कोडच्या, म्हणजे मजकूर नसलेल्या, उत्तराची वाट पाहते आणि ॲपलची तपासणी पानावरचा ठरावीक मजकूर बघते.

बाकी वापरासाठी हा मार्ग मला महाग वाटतो. प्रत्येक चाचणीला फोनचा नेटवर्क-रेडिओ जागा होतो, खरं काम तेवढं लांबतं, आणि चाचणीचं उत्तर येऊन खरी रिक्वेस्ट निघेपर्यंत परिस्थिती बदललेली असू शकते. पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून प्रतिसाद येतो का ते बघणाऱ्या कोडवर विसंबू नका, कारण कित्येक नेटवर्क पिंग अडवतात. फ्लटरमध्ये (ॲंड्रॉइड आणि आयओएससाठी एकाच कोडमधून ॲप बनवायचं साधन) लोकप्रिय असलेलं सर्व्हरचं नाव-शोधून-बघणंही फसवं आहे: डीएनएसचं, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचं, साठवलेलं उत्तर मिळालं की जोडणी नसतानाही ते यशस्वी ठरू शकतं. चाचणी करायचीच असेल तर स्वतःच्या सर्व्हरची करा.

रिॲक्ट नेटिव्ह या तशाच साधनाचं नेट-इन्फो वापरत असाल तर ‘इज-इंटरनेट-रीचेबल’चं मूल्य सुरुवातीला ‘नल’ (अजून माहीत नाही) असतं हे लक्षात ठेवा. ‘नल’ला ‘नाही’ समजणाऱ्या ॲपमध्ये उघडताक्षणी ऑफलाइनची पट्टी चमकून जाते. त्याचा तपासणीचा मूळ पत्ता गूगलचा आहे. गूगल अडवणाऱ्या नेटवर्कवर तो बदलावा लागतो. फ्लटरचं कनेक्टिव्हिटी-प्लस तर जोडणीचा प्रकारच सांगतं, आणि त्यावरून रिक्वेस्ट यशस्वी होईल असं मानू नका, असं त्याच्या कागदपत्रांतच लिहिलेलं आहे.

थेट रिक्वेस्ट, आणि अपयशाची तयारी

इथे मेहनत जास्त आहे, पण मिळणारी माहिती खरी असते. एरर नीट वाचली तर अडचण कुठल्या थरात आहे ते कळतं. आयओएसवर उणे १००९ म्हणजे जोडणीच नाही, उणे १००३ म्हणजे सर्व्हरचं नाव सापडलं नाही, उणे १००१ म्हणजे वेळ संपली, उणे १००५ म्हणजे मध्येच तुटलं. ॲंड्रॉइडवर ‘अननोन-होस्ट’, ‘सॉकेट-टाइमआउट’ आणि एसएसएलच्या (सुरक्षित जोडणीच्या) एरर अशाच वेगळ्या येतात. या सगळ्यांना एकच ‘इंटरनेट तपासा’ हा संदेश देणं वापरकर्त्यावर अन्याय आहे. फोनची तारीख चुकली म्हणून सर्व्हरचं प्रमाणपत्र नाकारलं जात असेल, तर बिचाऱ्याने राउटर कितीही वेळा चालू-बंद केला तरी काही होणार नाही.

टाइमआउट, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची ते, स्वतः ठरवा. ॲंड्रॉइडवर रिक्वेस्ट पाठवणाऱ्या ओके-एचटीटीपी लायब्ररीमध्ये जोडणी, वाचन आणि लेखन यांना मुळात प्रत्येकी १० सेकंद असतात, पण पूर्ण कॉलला मर्यादा नसते. आयओएसच्या यूआरएल-सेशनमध्ये रिक्वेस्टची मर्यादा ६० सेकंदांची असते, आणि ते मिनिटभर फिरणारं चक्र अनेकदा इथूनच येतं. नेटवर्क येईपर्यंत थांबायचं असेल तर आयओएस ११ पासूनचं ‘वेट्स-फॉर-कनेक्टिव्हिटी’ आणि ॲंड्रॉइडचा वर्क-मॅनेजर हे काम सिस्टीमवर सोपवतात.

पुन्हा प्रयत्न करताना दर वेळी थांबण्याचा अवधी वाढवा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा. ऑर्डर किंवा पैशांची रिक्वेस्ट असेल तर तिला एकमेव ओळख-क्रमांक द्या आणि सर्व्हरला तो ओळखू द्या. टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही असं नसतं. अनेकदा काम झालेलं असतं, फक्त उत्तर परत आलेलं नसतं.

मग सिस्टीमची खबर कशासाठी घ्यायची? पट्टी दाखवायला, अडकलेल्या रिक्वेस्टना नेटवर्क येताच पुन्हा धाडायला आणि मोजून पैसे लागणाऱ्या जोडणीवर मोठं डाउनलोड रोखायला. पट्टी दिसत असतानाही वापरकर्त्याचं बटण दाबलं जाऊ द्या.

दोष नेटवर्क-तपासणीचा नसतोच तेव्हा

फ्लटर ॲप डीबगमध्ये (चाचणीच्या आवृत्तीत) चालतं आणि ॲंड्रॉइडच्या रिलीजमध्ये एकही रिक्वेस्ट जात नाही, तर मुख्य मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या परवानग्या लिहिलेल्या फाइलमध्ये, इंटरनेटची परवानगी आहे का ते आधी बघा. डीबगच्या मॅनिफेस्टमध्ये ती आपोआप असते. ॲंड्रॉइड ९ साठी किंवा पुढच्या आवृत्त्यांसाठी बांधलेलं ॲप साधं एचटीटीपी, म्हणजे एन्क्रिप्शन नसलेली जोडणी, मुळातच नाकारतं. एम्युलेटरमधला (संगणकावरच्या नकली ॲंड्रॉइड फोनमधला) ‘लोकलहोस्ट’ हा पत्ता म्हणजे एम्युलेटर स्वतः. तुमच्या संगणकासाठी ॲंड्रॉइडवर १०.०.२.२ हा पत्ता लागतो.

एअरप्लेन मोडची परीक्षा सगळेच घेतात, पण तीत फारसं काही सापडत नाही. राउटर चालू ठेवून त्याची बाहेरची केबल काढा आणि मग ॲप वापरा. ॲंड्रॉइडवर त्याआधी मोबाइल डेटा बंद करायला विसरू नका. वाय-फायवर इंटरनेट नाही हे कळताच सिस्टीम बहुधा मोबाइल डेटावर सरकते, आणि तुम्हाला वाटतं ॲपनेच सावरून घेतलं.