बीपी मशीन आणि दोनशे पानी वही: आठ महिन्यांनंतर

गुडघा दाखवायला गेले आणि बीपी निघालं १५६/९४. डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. म्हणाले, "आठवडाभर घरी मोजा आणि लिहून आणा." म्हणून दंडाला पट्टा बांधायचं मशीन घेतलं. मनगटाचं सुटसुटीत असतं, पण हात हृदयाच्या पातळीला नसेल तर त्याचा आकडा चुकतो.

सुरुवातीला मी जिना चढून आल्या आल्या, बातम्या बघत मोजायचे. मग शिकले: लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. घरची सरासरी आली १२९/८१. घरी १३५/८५ च्या आत असलं की ठीक मानतात. माझं बीपी दवाखान्याच्या धास्तीने चढत होतं! गोळी टळली, पण अशांचं बीपी पुढे खरोखर वाढू शकतं, म्हणून मोजणं चालू ठेवायला सांगितलं.

वहीत मी 'शेरा' असा एक रकाना आखला. खरा उपयोग त्याचाच झाला. जागरण, लग्नाचं जेवण, पापड-लोणचं, सगळं तिथे लिहायचे. चढलेल्या आकड्यांसमोर खारट पदार्थ पुन्हा पुन्हा दिसायला लागले, तेव्हा मिठाचं पुडकं फोडल्याची तारीखही लिहिली. आम्ही चौघं, आणि किलोभर मीठ महिन्यात संपत होतं. म्हणजे माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर, तेही फरसाण-बिस्किटांतलं सोडून. जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत सांगते. "आपण कमीच खातो" असं मी इतकी वर्षं मनापासून म्हणत आले होते. आता तेच पुडकं चाळीस दिवस जातं. लोणचं रविवारीच.

मशीनबरोबरच्या ॲपला मात्र लोकेशन आणि फोनमधले नंबरही हवे होते. माझ्या रक्तदाबाशी त्यांचा काय संबंध? काढून टाकलं. वही बरी, ती कपाटात राहते.

आणखी एक तक्रार पट्ट्याची. सोबत येतो तो २२ ते ३२ सेंमी दंडाचा. ह्यांचा दंड ३५ चा, त्यामुळे त्यांचं बीपी विनाकारण जास्त दिसत होतं आणि आम्ही दोन रात्री काळजीत काढल्या. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला. घेण्याआधी टेपने दंड मोजा, घरातल्या प्रत्येकाचा.