ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट': वर्षभराहून जास्त ऐकल्यावर

नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा हा अल्बम आला तेव्हा आमच्या मेटल ऐकणाऱ्या मंडळींत दुसरा विषयच नव्हता. ग्रोल परत आला! २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर गायक मिकाएल ओकरफेल्टचा तो पोटातून येणारा, खर्जातला आवाज ओपेथच्या कुठल्याही नव्या अल्बमवर ऐकू आला नव्हता. २०११ च्या 'हेरिटेज'पासून २०१९ च्या 'इन कौडा वेनेनम'पर्यंत चार अल्बम सगळेच्या सगळे स्वच्छ गळ्याचे, सत्तरच्या दशकातल्या प्रोग रॉककडे, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉककडे, झुकलेले. त्या काळात कितीतरी जुने चाहते दुरावले. मंचावर जुनी गाणी वाजवताना ओकरफेल्ट ग्रोल करायचा. २०१९ साली पुण्यात एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवात ओपेथ वाजवून गेला तेव्हा जुन्या गाण्यांत तो आवाज आला की मैदानातून कसा गजर उठायचा ते आठवतं. त्यामुळे प्रश्न 'त्याला जमतं का' हा कधीच नव्हता. त्याला नव्या संगीतात तो आवाज हवा आहे का, एवढाच होता.

पहिल्या आठवड्यातला तो उत्साह आता ओसरला आहे आणि म्हणूनच लिहायला बसलोय. आज हा अल्बम मी ग्रोलसाठी लावत नाही. बँड जुन्या घरी परतला असं तेव्हा सगळे म्हणत होते, ते मला अजिबात पटत नाही. मधल्या चार अल्बममध्ये या लोकांनी जे कमावलं, त्याशिवाय हा अल्बम होऊच शकला नसता.

गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली आहे. एक श्रीमंत, करड्या शिस्तीचा घरधनी वारलाय आणि त्याच्या वाड्यात मृत्युपत्राचं वाचन चाललंय. समोर त्याची जुळी मुलं बसली आहेत. शिवाय या घराने सांभाळलेली, पोलिओ झालेली एक अनाथ मुलगी. हिला इथे का बोलावलं, हा प्रश्न त्या जुळ्यांना पडतो आणि मग एकेक कलम वाचलं जाईल तसं घराण्याचं गुपित बाहेर पडत जातं. आठपैकी सात गाण्यांना नावंच नाहीत, फक्त कलमांचे क्रमांक आहेत. नाव एकट्या शेवटच्या गाण्याला, 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड'. वाटणीवरून भावाभावांत अबोला धरलेली घरं आपल्याकडे काही कमी नाहीत, त्यामुळे या विषयात शिरायला मला वेळ लागला नाही.

ग्रोल इथे नेमका कामाला येतो. 'ब्लॅकवॉटर पार्क' या जुन्या अल्बमच्या काळात तो आवाज म्हणजे एक वातावरण होतं. अंधार, राग, दुःख, सगळं त्यात एकत्र. इथे माझ्या कानाला तो एका माणसाचा आवाज वाटतो, मेलेल्या बापाचा. मेल्यावरही ज्याची जरब घरातून गेलेली नाही, त्याचा. आणि तो सतत नाही, हे महत्त्वाचं. दोन ओळी गुरगुरून झाल्या की स्वच्छ गळा येतो, मागून कोरस येतो, मध्येच जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश रॉक बँडचे इयन अँडरसन शांतपणे मृत्युपत्रातला मजकूर वाचून दाखवतात. दुसऱ्या कलमात 'युरोप' बँडचा जोई टेम्पेस्टही गायलाय. एवढे आवाज असून गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

चौथं कलम मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय. सुरुवातीचा दणका ओसरला की मधे सगळं एकदम पातळ होतं. हार्पच्या तारा, त्यावर अँडरसन यांची बासरी. ती गोड बासरी नाहीच, फुंकरीचा खरखरीतपणा तिच्यात तसाच ठेवलाय. दिवाणखान्यात कुणीतरी दबक्या आवाजात काहीतरी बोलतंय आणि बाकीचे कान देऊन बसलेत, असं वाटत राहतं. मग गिटार आणि ग्रोल परत अंगावर येतात. बासरी कधी थांबली ते अनेक वेळा ऐकूनही मला नीट पकडता आलेलं नाही. जुना ओपेथ हा बदल चार मिनिटं घेऊन करायचा. इथे तो काही मात्रांत उरकतो, तरी हिसका बसल्यासारखा वाटत नाही.

याचं श्रेय मी नव्या ड्रमरला देईन. वाल्तेरी वायरिनेन हा फिनलंडचा, आधी पॅरडाइज लॉस्ट या बँडमध्ये होता, २०२२ मध्ये ओपेथमध्ये आला. स्टुडिओ अल्बमवर तो इथे पहिल्यांदाच. त्याच्या आधीचा मार्टिन अॅक्सनरॉट भारदस्त वाजवायचा. याचा हात हलका आहे. सम कुठे आहे हे आपण शोधत असताना तो हाय-हॅटच्या झांजांवर बारीक नक्षी काढत असतो, आणि दोन्ही पायांनी डबल बेस ड्रम वाजवतो तो गरज असेल तिथेच. मार्टिन मेंदेसचा बास त्याच्याशी इतका जुळलाय की पहिल्या कलमात गिटार बाजूला ठेवून नुसते हे दोघे ऐकावेत. तंतुवाद्यांची रचना डेव्ह स्टुअर्ट यांची, एग बँडमधले जुने ब्रिटिश कीबोर्डवादक. ओपेथबरोबर त्यांनी आधीही काम केलंय. व्हायोलिनं इथे नुसती गाण्याला मखमली अस्तर लावायला आणलेली नाहीत, ती रिफच्या, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या, बरोबरीने भांडतात.

आता वापराचं. हा अल्बम शफलवर लावू नका. एका कलमातून दुसऱ्यात कथा सरकते, मधलं एखादं गाणं उचललं की ते अधांतरी वाटतं. प्लेलिस्टमध्ये टाकायला यातलं एकही गाणं मला उपयोगी पडलेलं नाही. सगळं मिळून सुमारे ५१ मिनिटं आहेत, तेवढी एकसलग काढावीत. लोकलमध्ये साध्या इअरफोनवर ऐकलं तर तंतुवाद्यं आणि कीबोर्ड एकमेकांत मिसळून नुसती गिचमिड होते. घरी स्पीकरवर किंवा बऱ्या हेडफोनवर प्रत्येक वाद्य सुटं होतं. आणि शब्द समोर ठेवून निदान एकदा ऐकाच. ग्रोलमधलं इंग्रजी सवयीच्या कानालाही सगळं कळत नाही, आणि कथा कळली नाही तर अर्धा अल्बम हातून जातो.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. गाणी पाच ते साडेसात मिनिटांची. 'ब्लॅकवॉटर पार्क'मध्ये दहा-बारा मिनिटांचा पसारा असायचा, एकच रिफ घोळवून घोळवून तिची नशा चढवायची पद्धत होती. इथे चांगली रिफ कानात बसते न बसते तोच पुढची येऊन उभी राहते. पाचव्या आणि सहाव्या कलमात तर इतक्या कल्पना कोंबल्यात की त्यातल्या दोनांवर अख्खं गाणं उभं राहिलं असतं. सुरुवातीच्या महिन्यांत मला ही श्रीमंती वाटायची. आता काही ठिकाणी ती घाई वाटते. निव्वळ अकूस्टिक गिटारचे ते लांब, ओलसर तुकडेही इथे फारसे नाहीत, आणि २००३ च्या 'डॅम्नेशन'वर जीव असलेल्या माझ्यासारख्याला ती उणीव जाणवते.

'अ स्टोरी नेव्हर टोल्ड'बद्दल माझं मत महिन्यांनुसार पालटत गेलंय. सात कलमांच्या ताणानंतर एकदम जुन्या वळणाची संथ, सुरेल चाल येते, ग्रोलचा मागमूस नाही, शेवटाला फ्रेड्रिक ओकेसनचा लांब गिटार सोलो. आधी ते दुसऱ्याच अल्बममधलं गाणं वाटायचं. कथेचा शेवटचा धक्का याच गाण्यात, इतक्या मऊ चालीत ठेवलाय हे शब्द वाचल्यावर लक्षात आलं, आणि आता ते गाळून अल्बम पुरा होत नाही. तो सोलो मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडतो. ओकेसन एरवी बोटांच्या वेगासाठी ओळखला जातो, इथे तो एकेक स्वर ओढून, थांबून वाजवतो.

ओपेथ कधीच न ऐकलेल्यांनी इथून सुरुवात करू नये. आधी 'घोस्ट रेव्हरीज' ऐका, मग 'पेल कम्यूनियन', मग हा. आणि 'हेरिटेज'च्या वेळी ज्यांनी ओपेथ सोडला, त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की याच्यानंतर ते मधले अल्बम पुन्हा काढा. कीबोर्डचा तो रंग, त्या वाकड्या चाली, कोरसची मांडणी, सगळं तिथेच घडलंय. पुढच्या अल्बममध्ये मला एकच गोष्ट हवी आहे. वायरिनेनसारखा ड्रमर हाताशी आहे, ओकरफेल्टचे दोन्ही गळे शाबूत आहेत, तर एक तरी बारा मिनिटांचं गाणं करावं, आणि त्यात एखादी रिफ मनसोक्त घोळवू द्यावी.