रोज कुकीचा साचा: बिडाचा, पितळेचा की ॲल्युमिनियमचा?

नाताळच्या ताटातून सगळ्यांत आधी संपते ती रोज कुकी, म्हणजे साच्यावर तळलेली गुलाबफुलाच्या आकाराची कुकी. नेवऱ्या, दोदोल, डेट रोल, मिल्क क्रीम दोन दिवसांनीही ताटात दिसतात. नारळाच्या रसाचा वास असलेली ही कुरकुरीत फुलं मात्र पाहुणे दारात असतानाच उडतात. ती नीट उतरणं पाककृतीपेक्षा साच्यावर जास्त अवलंबून असतं. तरीही लोक पिठाच्या प्रमाणावर तासभर बोलतात आणि साचा हाताला लागेल तो उचलतात. म्हणून आधी साच्याचं बोलू.

मुंबईत हे साचे भुलेश्वर-तांबाकाट्याकडच्या भांड्यांच्या दुकानांत मिळतात, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केकचं सामान विकणाऱ्यांकडेही. साचा म्हणजे आरपार नक्षीचं धातूचं फूल, त्याला उभी दांडी आणि वर मूठ. केरळात यावरच अचप्पम करतात आणि स्वीडन-नॉर्वेतही नाताळात याच जातीच्या साच्यावर फुलं तळतात, त्यामुळे ऑनलाइन शोधताना नावांनी गोंधळून जाऊ नये, काम तेच.

ॲल्युमिनियमचा साचा सगळ्यांत स्वस्त आणि हलका. लवकर तापतो, पण अंगात वजन नसल्यामुळे गार पिठात बुडवताच तितक्याच लवकर निवतो. मग पीठ साच्याला धरायच्या ऐवजी लिबलिबीत लोंबतं, आणि तेलात गेल्यावर फुलाच्या दोन-तीन पाकळ्या साच्यालाच चिकटून राहतात. एखाद्या वर्षी पंचवीस-तीस कुक्या करायच्या असतील तर चालून जाईल. दरवर्षी शेजारीपाजारी ताटं पाठवणाऱ्या घराला तो पुरणार नाही.

बिडाचा साचा याच्या अगदी उलट. तापायला वेळ खातो, पण एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो आणि कुकी एकसारख्या रंगाची उतरते. जड असल्यामुळे चाळीसाव्या कुकीला मनगट भरून येतं, आणि कोरडा न करता ठेवला तर गंजतो. बिडाचा तवा सांभाळायची सवय असलेल्या घरात मात्र याच्यासारखा दुसरा नाही.

पितळेचा साचा या दोघांच्या मधला, आणि पहिल्यांदा घेणाऱ्यांनी डोळे मिटून हाच घ्यावा. साधारण 300 ग्रॅमचा, सात सेंटिमीटर व्यासाचा साचा हाताला पेलतो, उष्णताही पुरेशी धरतो. नक्षी बिडापेक्षा रेखीव असते, म्हणून कुकीच्या कडाही नाजूक येतात. वर्षभर पडून राहिला तर हिरवट डाग धरतो. चिंच-मिठाने घासला की निघतात, पण मग पुन्हा तेल पाजावं लागतं. नॉनस्टिक थर दिलेला साचा घेऊच नये. या कामात पीठ आधी साच्याला धरायला हवं आणि मग सुटायला हवं. नॉनस्टिकवर ते वाडग्यातच घसरून पडतं.

दुकानात साचा उलटा करून बोट फिरवा. ओतकामात राहिलेले दाणे, खरखरीत कडा लागल्या तर दुसरा मागा, कारण कुकी नेमकी तिथेच अडकते. पाकळ्यांच्या भिंती वर जाड आणि खाली किंचित निमुळत्या हव्यात, म्हणजे फूल खाली सरकून सुटतं. सपाट काचेवर ठेवल्यावर साचा डुगडुगता कामा नये. दांडी किमान वीतभर लांब असावी, नाहीतर तेलाची धग बोटांना लागते. आट्यांची दांडी उष्णतेने सैल होते, तेव्हा ती अधूनमधून फडक्याने धरून आवळावी लागेल. शक्य असेल तर एकाच मापाचे दोन साचे घ्या: एक पिठात असताना दुसरा तेलात तापत राहतो. कामाचा वेळ जवळजवळ निम्मा होतो आणि साचा निवल्याची तक्रारच उरत नाही.

नवा साचा थेट वापरायचा नाही. कोमट पाण्याने धुऊन रात्रभर तांदळाच्या पेजेत ठेवा, सकाळी पुसून तेल लावा, मंद आचेवर तेलात दहा मिनिटं तापवा आणि तेलातच निवू द्या. बिडाला हे दोनदा करावं लागतं. एवढं करूनही पहिल्या दोन-तीन कुक्या बिघडतात. त्या साच्याच्या म्हणून सोडून द्यायच्या. पीठ बदलायला धावायचं नाही.

पिठासाठी मैदा 250 ग्रॅम, तांदळाचं पीठ 50 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, दोन अंडी, नारळाचं दूध 400 मिलिलिटरच्या आसपास, चिमूटभर मीठ आणि व्हॅनिला. अंडी न फेसता नुसती मोडून घ्यायची. फेस झाला तर कुकीला फोड येतात. गुठळ्या राहिल्या तर पीठ गाळून घ्या आणि अर्धा तास झाकून ठेवा. ते धिरड्याच्या पिठाइतकं असावं: चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर राहायला हवी. साखर वाढवायचा मोह आवरा. जास्त साखरेने कुकी कुरकुरीत व्हायच्या आधीच लाल होते आणि साच्याला चिकटते. तांदळाचं पीठ तळाशी बसतं, म्हणून पाच-सहा कुक्यांनंतर तळापासून ढवळत राहायचं. या मापात पन्नासेक कुक्या होतात.

आता खरी गंमत. साचा तेलात पाच मिनिटं तापलेला आहे, पिठाचा थेंब टाकला की लगेच वर येतो आहे. साचा उचलायचा, जादा तेल निथळू द्यायचं, कागदाला हलकेच टेकवायचा आणि पिठात तीन-चतुर्थांशच बुडवायचा. चुर्र असा आवाज आला म्हणजे पीठ धरलं. आवाज आला नाही तर साचा गार आहे. पीठ तिथल्या तिथे शिजून वाडग्यात गळून पडलं तर साचा फार तापला आहे, चार सेकंद हवेत धरा. साच्याच्या वरच्या कडेवर पीठ चढलं तर फूल वरून बंद होतं आणि हलवून हलवून तुटलं तरी सुटत नाही. दहातल्या आठ तक्रारींचं मूळ हेच. मग साचा तेलात, पण कढईच्या बुडाला न टेकवता. वीस-तीस सेकंदांत बुडबुडे कमी होतात, कडा साच्यापासून केसभर सुटलेल्या दिसतात. तेव्हा मनगट किंचित हलवलं की फूल आपसूक खाली उतरून तेलावर फिरू लागतं. ओट्याभोवती जमलेली मुलं या क्षणाला दरवर्षी तितक्याच मोठ्याने ओरडतात. उलटून फिकट सोनेरी झालं की काढा. गरम असताना ते मऊच लागतं, कुरकुरीतपणा निवल्यावर येतो. त्यामुळे आणखी तळत बसू नका.

साच्याला साबण लावायचा नाही. गरम असतानाच कागदाने पुसायचा, पाकळ्यांत अडकलेलं पीठ लाकडी काडीने काढायचं.

साचा घ्यायला जाल त्याच फेरीत कुलकुलांसाठी, म्हणजे शंखासारख्या वळून तळलेल्या गोड गोळ्यांसाठी, खाचांची छोटी लाकडी पाटी दिसली तर बघा, पण तिच्यावाचून अडत नाही. काट्याची पाठ किंवा नवा, धुतलेला कंगवा तितकंच चांगलं काम करतो, आणि पाच जण वर्तमानपत्राभोवती बसले तर पाच पाट्या कुठून आणणार? कुलकुल तेलात उलगडतं ते पाटीमुळे नाही. पीठ कोरडं असतं किंवा गुंडाळल्यावर शेवटची कड दाबलेली नसते, म्हणून उलगडतं. पीठ ओल्या फडक्याखाली ठेवा, गोळी सुपारीपेक्षा लहान घ्या.

मार्झिपानचे, म्हणजे दळलेल्या बदाम-साखरेच्या मिठाईचे, साचे मात्र जपून घ्या. मुंबईत बहुतेक घरी ते बदामाऐवजी काजूचं होतं, आणि काजूचा गोळा तेलकट असल्यामुळे पातळ, बारीक नक्षीच्या साच्यात देठ आणि पानांची टोकं तुटून राहतात. द्राक्षाचा घड, मासा, घंटा असे ठसठशीत आकार निवडा. सिलिकॉनचा साचा मागून दाबून उलटता येतो, म्हणून जुन्या कडक रबरी साच्यापेक्षा तोच बरा. आत पिठीसाखर भुरभुरवा, तूप नको. तुपाने नक्षी बुजते. काजू दळताना मिक्सर थांबवत थांबवत चालवला नाही तर तेल सुटतं आणि कोणताच साचा ते वाचवू शकत नाही.

एवढ्यात एकच वस्तू घ्यायची ऐपत किंवा जागा असेल, तर पितळेचा रोज कुकीचा साचा. दोन घेता आले तर दोन. खोताच्या वाडीपासून वसईपर्यंत ज्या घरांत दिवाळीला शेजारून करंजी-चकलीचं ताट येतं, तिथे नाताळला परतीच्या ताटात ही फुलं सगळ्यांत वर ठेवतात, विणलेल्या रुमालाखाली. त्यासाठी 20-21 डिसेंबरला तळून पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा, थरांमध्ये बटर पेपर घाला. कोमट असताना झाकण लावलं तर रात्रीतून मऊ पडतात. साच्याला तेलाचा हात फिरवून तो कागदात गुंडाळा आणि पाण्यापासून लांब, कोरड्या खणात ठेवा.